हकीमसाहेबांचा दोरा

मला सगळ्यांची नक्कल येती. फुशारकी न्हाय, खरंच सांगतोय. गारगोटीच्या शाळेत असताना मी एकदा मास्तरांच्या आवाजात "सुट्टी!" म्हणून वरडलो आणि अख्खी शाळा घरी गेली. मास्तर पण छत्री घेऊन निघालते. दारात गेल्यावर त्यास्नी आठवलं की सुट्टी द्यायचं काम आपलं हाय. पुढं कोल्हापुरात आलो, दरबारच्या कचेरीत पट्टेवाला झालो, आणि माझं दुकान वाढलं. कारभारीसाहेबांचं खाकरणं, धोंडी वस्तादाचं जोर मारतानाचं हुंकारणं, बावड्याच्या वाटेवर बंगल्यात राहणारा गोरा साहेब, आणि साहेबाचा घोडा. लोक म्हणायचे, साहेबापेक्षा घोडा बरा जमतो.

एकच माणूस मला कधी जमला न्हाय. आमच्या गल्लीतले हकीम इब्राहीमसाहेब.

कसा जमणार? नक्कल करायला आधी माणसाचा एक आवाज लागतो. हकीमसाहेबांचा नव्हताच. दवाखान्यात शेतकरी आला की ते शेतकऱ्यागत बोलायचे, गुजर आला की गुजरागत, शास्त्रीबुवा आले की नाकातनं. मी ओट्यावर बसून तासतास ऐकायचो. माझं काम वरवरचं; दुसऱ्याचा फेटा घालावा तसा मी आवाज घालतो. हकीमसाहेबांचं तसं नव्हतं. समोरचा माणूसच त्यांच्या आत जाऊन बसलाय आणि तिथनं बोलतोय असं वाटायचं. एकदा मी धाडस करून विचारलं, "हकीमसाब, तुमचा सोताचा आवाज कुठला ओ?"

ते खलात काहीतरी घोटत होते. मान वर न करता, हुबेहूब माझ्याच आवाजात म्हणाले, "तुमचा सोताचा आवाज कुठला ओ?"

मी पायतान हातात घेऊन पळालो.

पायतानावरनं आठवलं. त्यांचं पायतान वाजायचं न्हाय. कोल्हापुरात राहून ज्याचं पायतान करकरत न्हाय त्या माणसाला भ्यायलाच पाहिजे. बारीक अंग, मेंदी लावलेली दाढी, डोळे घारे. आणि उजव्या हाताची तीन बोटं कायम मलमलीच्या पिशवीत. लहान पोराला टोपरं घालावं तशी. त्या बोटांनी ते गरम वस्तू धरायचे न्हायत, दार लोटायचे न्हायत. नाडी बघायची असली तरच पिशवी सुटायची. मग बोटं निखाऱ्यावर जरा शेकायची आणि मनगटावर ठेवायची. गार बोटाला नाडी खोटं सांगती, असं ते म्हणायचे. रोग्यानं काही विचारलं की एकच उत्तर, "नाडी बोलती. मी नुसता तोंड."

गल्लीला ठाम वाटायचं की युनानी हकीम म्हंजे युनान देशातनं आलेला माणूस, आणि घारे डोळे हा पुरावा. धोंडी वस्तादानं एकदा विचारलंही, "समुद्रातनं येताना भ्या वाटलं न्हाय व्हय?"

"वस्ताद, माझा आज्जा विजापुरातनं आला, गाढवावर बसून. समुद्र न्हवता वाटंत."

त्यांचं औषध कडू आणि बोलणं त्याहून कडू. आणि गल्लीला तेच पाहिजे असायचं. ह्याचं कारण मळूशेट.

मळूशेटचं कोपऱ्यावर गुळाचं दुकान. माणूस गुळाच्या ढेपेगतच गोल आणि टणक. एका दुपारी ओट्यावर चकाट्या पिटत असताना त्यानं चेष्टेनं हात पुढं केला. "बगा की हकीमसाब, घोडं किती पळंल?" हकीमसाहेबांनी पिशवी सोडली. बोटं ठेवली. लई वेळ ठेवली. आम्ही हसत होतो, ते थांबलो. मग त्यांनी मळूशेटचा हात दोन्ही हातांनी अलगद त्याच्या मांडीवर ठेवला आणि इतकं गोड बोलले की मला कसंतरीच झालं. "शेट, गडमुडशिंगीला तुमचा भाऊ असतो न्हवं? बोलणं बंद हाय तुमचं. जाऊन या की. उद्याच जावा."

"आणि औषध?"

"औषध कशाला? तुम्ही भला माणूस."

मळूशेट गेला, भावाला भेटला, दोघं भाऊ गळ्यात पडून रडले म्हणे. परत आला, दुकान उघडलं, आणि तागडी धरल्या धरल्या बसल्या जागी गेला.

त्या दिवसापासनं गल्लीनं धसका घेतला. हकीमसाहेब शिव्या देतायत म्हंजे माणूस जगतोय. गोड बोलले की घरच्यांनी रडायला सुरवात करावी. आणि रस्त्यानं ते येताना दिसले की माणसं आपापले हात झाकायची. धोंडी वस्ताद, ज्याच्या मांडीवर थाप पडली की कबुतरं उडायची, तो दोन्ही पंजे काखेत घालून भिंतीकडं तोंड करून उभा ऱ्हायचा.

घरात ते आणि त्यांची लेक, जैनब. आई लहानपणीच गेलेली. जैनबला मी कधी बघितली न्हाय. दवाखान्याच्या मागं पडदा, पडद्यामागं घर, आणि घरात तिचं हसणं. काढे तीच उकळायची. कचेरीला जाताना मी ओट्यापाशी थांबलो की पडद्यामागनं आवाज यायचा, "नकल्या, घोडा!" मी साहेबाच्या घोड्यागत खिंकाळायचो. ती अशी हसायची की भांडी पडायची. मग हकीमसाहेब रागं भरायचे, "हळू रे. ती हसली की नाडी चुकती." आत तेव्हा बहुतेक कुणी बाईमाणूस आलेलं असायचं. पडद्यातल्या बायकांची नाडी ते दोऱ्यावर बघायचे. आत जैनब रेशमी दोऱ्याचं एक टोक बाईच्या मनगटाला बांधायची, दुसरं टोक पडद्याखालनं बाहेर यायचं, आणि हकीमसाहेब ते तीन बोटांत धरून डोळे मिटायचे. लेकीचा हात हलला तरी त्यांना कळायचं.

दुभाषा ते कसे झाले, त्याला मी साक्षी हाय, कारण दाराशी मीच उभा होतो.

बावड्याकडच्या कुरणाचा वाद होता. साहेबाला ते आपल्या घोड्यांसाठी पाहिजे होतं, दरबारला द्यायचं नव्हतं. साहेब तरातरा आला आणि नेमका त्याच दिवशी दरबारचा दुभाषा तापानं पडलेला. हकीमसाहेब कारभाऱ्यांचं पोट बघायला आलते. तरुणपणी छावणीच्या इस्पितळात एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली होते, तिथं इंग्रजी शिकलेले. ते पुढं झाले. साहेबानं हात पुढं केला, हकीमसाहेबांनी हातात हात दिला. मी बघितलं. पिशवी सुटलेली होती. आणि तीन बोटं साहेबाच्या मनगटाच्या आतल्या अंगाला जरा जास्तच वेळ ऱ्हायली.

साहेब टेबलावर मूठ आपटून बोलायला लागला आणि हकीमसाहेबांनी मराठीत सांगायला सुरवात केली. दुसरे दुभाषे म्हणतात, साहेब असं म्हणतायत. हे तसं म्हणाले न्हायत. "मी हे चालवून घेणार न्हाय! मी वर कळवीन!" मान ताठ, गळ्याची शीर टम्म, आवाज साहेबाचा. घारे डोळे पण साहेबाचे. कारभारी खुर्चीत मागं सरकले. आपला रोजचा हकीम गेला कुठं, असा चेहरा त्यांचा. बोलणं संपल्यावर हकीमसाहेब वाकले आणि त्यांच्या कानात हळूच म्हणाले, "आवाज मोठा हाय, नाडी बारीक हाय. साहेब भ्यालाय. च्या मागवा. घाई करू नका."

च्या मागवला. घाई केली न्हाय. दिवस मावळायच्या आत साहेब कुरण सोडून घोड्यांच्या नुसत्या दाणा-चंदीवर राजी झाला.

तेव्हापासनं हकीमसाहेब दरबारचे झाले. सकाळी दवाखाना, दुपारी कचेरी. प्रत्येक भेटीत आधी हात मिळवायचे, मग बोलायचे. साहेबाच्या कानावर कुठनंतरी ही गोष्ट गेली असावी. त्या उन्हाळ्यात, बाहेर दगड तापलेले असताना, साहेब कातडी हातमोजे घालून यायला लागला. मी त्याची नक्कल मोज्यांसकट करायचो. लई चालली.

मला वाटलं, हकीमसाहेब खूश असतील. पालखीत बसायला मिळतंय, शाल मिळालीय. एकदा तसं म्हणालो, तर खल बाजूला ठेवून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. रूमच्या, म्हंजे तुर्कांच्या, सुलतानाच्या दरबारी एक युनानी हकीम होता. खरा युनानी, त्या देशात जन्मलेला. नाडी बघायचा. सुलतानाला कळलं की ह्याला फिरंग्यांच्या बोल्या येतात, म्हणून त्याला दुभाषा केला. फिरंग्यांचं सुलतानाला सांगायचा, सुलतानाचं फिरंग्यांना. मोठमोठे तह त्याच्या तोंडातनं झाले.

"मग चांगलंच की!"

"चांगलंच. फक्त म्हातारपणी घरी आला आणि बायकापोरांत बसला, तर बोलायला तोंड उघडंना. समद्यांचं पोचवलं, त्याचं ऱ्हाऊन गेलं."

"मग काय केलं त्यानं?"

"ते आमच्या उस्तादांनी सांगितलं न्हाय," म्हणाले, आणि परत घोटायला लागले.

मग गाठीचा ताप आला. उंदीर पडायला लागले, गल्ल्या ओस पडायला लागल्या, लोक रानात झोपड्या घालून ऱ्हायला गेले. बंगल्यावरनं हुकूम आला: शिपाई घराघरात जातील, बाया-बापई सगळ्यांच्या काखा-जांघा तपासतील, ताप असेल त्याला गडमुडशिंगीच्या माळावरच्या छावणीत नेतील. गाव पेटायच्या बेतात होतं. आमच्या गल्लीत पडदा पाळणाऱ्या बायका, आणि धोंडी वस्तादाची सून बाळंतीण. वस्ताद म्हणाला, "शिपाई उंबऱ्यात आला तर मी त्याला मोडीन, मग मला फाशी द्या." आणि तो बोलला तसं करणारा माणूस.

दरबारनं हकीमसाहेबांना बंगल्यावर धाडलं. मागं मी. हकीमसाहेबांनी मागणं मांडलं: बायकांना मी तपासतो, पडद्याबाहेर बसून, दोऱ्यावर. जिला गाठीचा ताप हाय तिचं नाव मी सांगतो, ती छावणीत जाईल. शिपाई उंबरा ओलांडणार न्हायत.

साहेब हसला. म्हणाला, आधी परीक्षा. आतल्या खोलीत मडम बसलीय, तिची नाडी सांग. पडद्याखालनं दोरा आला. हकीमसाहेबांनी बोटं शेकली, दोरा धरला, डोळे मिटले. बाहेर उन्हात साहेबाचा घोडा फुरफुरत होता, तेवढाच आवाज. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग डोळे न उघडताच ते इंग्रजीत काहीतरी सावकाश बोलले, आणि साहेबाचं हसू जे गेलं ते परत आलं न्हाय.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "काय बोलला ओ?"

"म्हणालो, हे लाकूड हाय. दोरा खुर्चीला बांधलाय."

"आणि?"

"आणि ह्या खुर्चीत बसणारा तिच्यात फार दिवस बसायचा न्हाय."

वर्षाच्या आत साहेब आजारी पडून विलायतेच्या बोटीत बसला आणि बोटीतच संपला. आता ती विद्या होती, का साहेबाची नाडी मोज्यांच्या आधीच बघून ठेवली होती आणि ही सगळी वकिली, मला आजवर कळलेलं न्हाय. दोन्हीपैकी कुठलंही खरं धरलं तरी अंगावर काटा येतो.

साहेबानं मागणं मान्य केलं, पण एक अट घातली. ती हकीमसाहेबांनी कचेरीत येऊन कारभाऱ्यांना ऐकवली, नेहमीसारखीच, मान ताठ करून, साहेबाच्या आवाजात: "मी हकिमाचा शब्द मानतो. पण एक जरी बाई त्यानं लपवली, तर माझे शिपाई प्रत्येक घरात शिरतील. आणि सुरवात हकिमाच्या घरापासनं करतील."

स्वतःला दिलेली धमकी त्यांनी अशी सांगितली की आवाज कुठंही कापला न्हाय. कारभाऱ्यांनी हातातला टाक खाली ठेवला.

मग रोज सकाळी फेरी निघायची. पुढं माळावरच्या छावणीचा देशी डॉक्टर, मधी हकीमसाहेब, मागं निखाऱ्याची शेगडी घेऊन मी. दारात घोंगडं टाकायचं, आतनं दोरा यायचा. सगळी गल्ली आपापल्या दारामागं कान लावून. हकीमसाहेब वरडले, "भवाने, रात्री शिळी भाकरी खाल्लीस व्हय गं? जीभ बाहेर काढून ठिवीन!" की गल्लीभर हसणं पसरायचं. ज्या दारात आवाज गोड व्हायचा, तिथं मागनं बैलगाडी लागायची. पण पडदा बांधलेली. हात लावून कुणालाच ओढलं न्हाय. वस्तादाची सून आत निवांत बाळ पाजत होती.

असं चाललेलं असताना एका सकाळी मी ओट्यापाशी थांबलो. आतनं "नकल्या" म्हणून हाक आली न्हाय. मी आपण होऊन खिंकाळलो. कोण हसलं न्हाय, भांडं पडलं न्हाय. हकीमसाहेब बाहेर आले, माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली बघितलं. दोघं फेरीला गेलो.

गल्ली संपली. डॉक्टर छावणीकडं वळला. हकीमसाहेब आपल्या दारात थांबले आणि म्हणाले, "एक घर ऱ्हायलं."

डॉक्टर म्हणाला, "तुमचं? ऱ्हाऊ दे की."

"ऱ्हायलं न्हाय पाहिजे."

मी घोंगडं टाकलं. ज्या पडद्यामागनं रोज दुसऱ्यांचा दोरा यायचा, तिथनं आज दोरा यायला वेळ लागला. एका हातानं आपल्याच दुसऱ्या हाताला बांधायचा म्हंजे वेळ लागणारच. हकीमसाहेबांनी बोटं शेकली. इतकी शेकली की मला करपल्याचा वास आल्यासारखं वाटलं. दोरा धरला.

गल्लीतली दारं उघडली. धोंडी वस्ताद रस्त्याच्या मधोमध आला. काखेतले हात त्यानं बाहेर काढले होते, पहिल्यांदाच.

"हकीमसाब," तो म्हणाला, "वरडा की."

हकीमसाहेबांनी डोळे मिटले.

"शिव्या द्या पोरीला. आम्ही हसतू समदी. तुमची आण."

"वस्ताद, तुझी सून बाळंतीण हाय."

"माझी सून मी बघीन! तुम्ही वरडा!"

कुणीतरी बाई दारामागं हसायचा प्रयत्न करून रडायला लागली. वस्ताद हात जोडून उभा होता. त्या वेळी माझ्या मनात आलं, मी वरडू का, त्यांच्या आवाजात? पण कुठल्या? मला त्यांचा आवाज ठाऊकच नव्हता.

हकीमसाहेब पडद्याकडं तोंड करून गोड बोलले. "जैनब बेटी, परसूं की खीर भोत अच्छी हुई थी. बोलने का रह गया."

आतनं जैनब काहीतरी बारीक बोलली. डॉक्टरला ऐकू गेलं न्हाय, त्यानं विचारलं, "काय म्हणतीय?" हकीमसाहेब त्याच्याकडं वळले. आणि त्या पांढऱ्या-तांबड्या दाढीतनं जैनबचा आवाज आला. तोच, जो घोडा मागायचा.

"मी निघते. गाडीला पडदा नीट बांधा."

डॉक्टर दोन पावलं मागं सरकला. माझ्या हातातली शेगडी पडली.

गाडी निघाली. दोरा त्यांनी सोडलाच न्हाय. गाडीच्या पडद्यातनं तो बाहेर आलेला, आणि मागनं हकीमसाहेब तीन बोटांत धरून चालतायत, ना ढिला, ना ताणलेला, बैलांच्या चालीनं. टेंबलाईच्या टेकडीपाशी शिपायांनी मला परतवलं. मी वळून बघितलं तेव्हा धुळीत गाडी दिसत नव्हती, हकीमसाहेब दिसत नव्हते. दोरा मात्र उन्हात चमकत होता. असं मला वाटलं. वस्ताद म्हणतो, शक्य न्हाय. शक्य नसंल.

काही दिवसांनी ते एकटे आले. दोरा बोटांना गुंडाळलेला. साहेबानं शब्द पाळला; आमच्या गल्लीत शिपाई शिरला न्हाय, आणि वस्तादाचा नातू त्याच घरात रांगायला लागला.

लोक रानातनं परतले. हकीमसाहेब कचेरीत यायला लागले. पण काहीतरी बिघडलं होतं. विलायतेहून आलेल्या नव्या साहेबाचं बोलणं सांगता सांगता मधीच भलत्याच माणसाचा आवाज यायचा. एकदा मळूशेटची बायको अर्ज घेऊन आलती, आणि हकीमसाहेबांच्या गळ्यातनं मळूशेट खोकला. तसाच, तीन ठसके आणि मग "हं". बाई तिथंच बसली. कारभाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना विश्रांती घ्या म्हणून कळवलं.

पुढं कुरणाचा वाद परत निघाला आणि कारभाऱ्यांनी मला त्यांना बोलवायला धाडलं. भरदुपार होती. ओट्यावर गेलो. खल उपडा, शेगडी पेटलेली. हकीमसाहेब पडद्याकडं तोंड करून घोंगड्यावर बसले होते. बोटांतनं दोरा निघाला होता आणि पडद्याखालनं आत गेला होता. आत घर रिकामं. मागच्या दाराला कुलूप मीच लावलं होतं, त्यांच्या सांगण्यावरनं.

मी हाक मारणार, तेवढ्यात ते वरडले.

"काढा पीयी नै अबतक? कितनी जिद्दी है गे तू! उठ! पी!"

मी आयुष्यात ऐकलेले सगळे आवाज मला ठाऊक हायत. हा त्यातला नव्हता. जरासा फाटका, चिडका, शेवटाला वर जाणारा, एका बापाचा. त्यांचा आवाज. एकदाच ऐकला आणि जमला. आज वेळ पडली तर करून दाखवीन, पण दाखवत न्हाय.

दोरा ताठ झाला होता. थरथरत होता. त्यांच्या बोटांनी का कशानं, ते बघायला मी पुढं गेलो न्हाय. काय करावं ते सुचंना, मग जे येतं ते केलं. ओट्यावर उभा ऱ्हाऊन मी साहेबाच्या घोड्यागत खिंकाळलो.

हकीमसाहेबांनी मागं न बघता डावा हात वर केला.

"हळू रे," ते म्हणाले. "ती हसली की नाडी चुकती."